तू पुढे हो, मी येतो

मुलांनो, हिवाळ्यातील रविवार आहे, आकाश निरभ्र आहे आणि तुमच्याबरोबर असा एक मित्र आहे, ज्याने आजवर एकही डोंगर चढलेला नाही. तुम्ही मात्र दोन-चार गड पाहिले आहेत. अशा वेळी आपण मोठे वाटाडे आहोत, असे तुम्हाला वाटू लागते. मलाही तसेच वाटले होते. त्या दिवशी काय झाले, ते सांगतो. उद्या तुम्हीही कोणाला तरी डोंगरावर न्याल, तेव्हा ते उपयोगी पडेल.

माझा मित्र पुण्यात शिलाईचे काम करतो. दिवसभर मशीनवर बसायचे, रात्री घरी जायचे. त्याला मी लोहगड दाखवायचे ठरवले. लोहगड समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून थोडा उंच आहे. पण मळवली स्टेशनच मुळात उंचावर असल्यामुळे प्रत्यक्ष चढण चारशे मीटरांच्या आसपास आहे. वर जायला पायऱ्या आहेत. नव्या माणसाला पहिल्यांदा असाच गड दाखवावा.

पुणे-लोणावळा लोकलने आम्ही सकाळी मळवलीला उतरलो. बाहेर कडाक्याची थंडी होती. शेतांवर धुके पसरले होते. हिवाळ्याच्या रात्री थंड हवा जड होऊन खाली दरीत साचते, म्हणून सकाळी धुके खाली आणि डोंगराचे माथे मोकळे दिसतात. मित्र उभा राहून ते पाहत होता. मी मात्र म्हणालो, "चल, ऊन चढायच्या आत वर पोहोचू." आणि झपझप चालू लागलो.

भाजे गावाच्या वर डोंगरात कोरलेली लेणी आहेत. ती दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. तेथील चैत्यगृहाच्या छताला लावलेल्या लाकडी कमानी अजून टिकून आहेत. ती लेणी आम्ही परत येताना पाहू, असे मी ठरवून टाकले. मित्राला विचारलेही नाही.

लेण्यांच्या पुढे चढ सुरू झाला. मी शंभर पावले पुढे जायचो, दगडावर बसायचो आणि त्याची वाट पाहायचो. तो जवळ आला की उठून पुन्हा चालू लागायचो. दोन-तीनदा असे झाल्यावर तो हसून म्हणाला, "तू पुढे हो, मी येतो." मी पुढे झालो.

मुलांनो, माझी चूक येथेच झाली. जरा विचार करा. मी थांबत होतो, तेव्हा विश्रांती कोणाला मिळत होती? मला! तो धापा टाकत माझ्यापर्यंत पोहोचायचा आणि त्याच क्षणी मी उठायचो. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज होती, त्याला ती मुळीच मिळत नव्हती. आणि "तू पुढे हो" याचा अर्थ "मी मजेत आहे" असा नसतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ "मी दमलो आहे, पण तुझ्यासमोर ते सांगायची मला लाज वाटते" असा असतो.

लोहगड आणि विसापूर या दोन गडांच्या मध्ये एक खिंड आहे. खिंड म्हणजे दोन डोंगरांमधली अरुंद वाट. तेथे मी बसलो. पाच मिनिटे झाली, दहा झाली, तरी मित्र दिसेना. मी मागे गेलो. तो वाटेच्या कडेला डोके धरून बसला होता. चेहरा पांढरा पडला होता. गाडी चुकू नये म्हणून तो घरून काही न खाता निघाला होता. थंडीमुळे तहान जाणवली नाही, म्हणून पाणीही प्यायला नव्हता. अंगातला शर्ट घामाने भिजला होता आणि वाऱ्यात तो थंड पडून त्याला हुडहुडी भरली होती. पाण्याच्या दोन्ही बाटल्या आणि खाण्याचा डबा माझ्या पिशवीत होता. मी पुढे होतो, म्हणजे पाणीही पुढेच होते!

मला फार वाईट वाटले. मी त्याला माझा कोरडा शर्ट दिला. आधी गूळ-शेंगदाणे दिले, मग घोट घोट पाणी. अर्ध्या तासाने त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. मी म्हणालो, "परत जाऊ या." तो म्हणाला, "जाऊ. पण आधी थोडे पुढे जाऊन बघू. आता तू माझ्या मागून चल."

मग तो पुढे आणि मी मागे, असे आम्ही निघालो. नव्या माणसाला पुढे ठेवले की चाल आपोआप त्याची होते. चाल बरोबर आहे की नाही, हे ओळखायची खूण सोपी आहे. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलताना मध्येच दम लागला, तर चाल कमी करावी.

लोहगडवाडीत एक मावशी ताक विकत होत्या. त्यांनी मित्राकडे पाहूनच ओळखले. "दादा, पहिल्यांदाच आलात ना? सावकाश चढा. गड काही पळून जात नाही." हे वाक्य सकाळी मला कोणी ऐकवले असते, तर किती बरे झाले असते!

वाडीपासून पायऱ्या सुरू होतात. वळणे घेत एकामागून एक चार दरवाजे येतात : गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा आणि महादरवाजा. शत्रूला सरळ चाल करून येता येऊ नये, म्हणून वाट अशी वळवलेली आहे. चढून येणारा माणूस वरच्या बुरुजांच्या माऱ्यात सापडतो. मित्र उर्दू शाळेत शिकलेला. तो पायरीवर बसून म्हणाला, "दरवाजा, बुरूज, किल्ला, हौद, तोफ... अरे, हे तर सगळे ओळखीचे शब्द आहेत!" खरेच होते. दरवाजा फारसीतून आला; बुरूज, किल्ला आणि हौद हे अरबीतून आले. तोफ हा शब्द मूळचा तुर्की. तटाला उर्दूत फसील म्हणतात, हे त्या दिवशी त्याने मला शिकवले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी जे २३ किल्ले मोगलांना दिले, त्यांत लोहगडही होता आणि १६७० मध्ये तो स्वराज्यात परत आला, हे मी त्याला सांगितले. बोलता बोलता पायऱ्या कधी संपल्या, ते कळलेच नाही. २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत लोहगडही आहे.

गडाच्या टोकाला विंचूकाटा नावाची लांब, अरुंद माची आहे. वरून पाहिले, तर ती विंचवाच्या नांगीसारखी दिसते. तेथे जायला एक छोटा कातळ उतरावा लागतो. मित्राने खाली पाहिले आणि तो मागे सरला. "मला भीती वाटते," तो म्हणाला. सकाळी त्याने हे सांगितले नसते. मी एका शब्दानेही आग्रह केला नाही. आम्ही अलीकडेच गवतावर बसलो. त्याच्या अम्मीने दिलेले कबाब आणि चपात्या खाल्ल्या. नंतर दुसऱ्या कडेला जाऊन पवना धरणाचे निळे पाणी पाहिले. पाण्यापलीकडे तुंग आणि तिकोना हे गड दिसत होते.

डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून साडेतीनला आम्ही उतरायला लागलो. उतार सोपा, असे समजू नका. वाळलेले गवत आणि बारीक खडी यांवरून पाय घसरतो. गुडघे किंचित वाकवून लहान लहान पावले टाकावीत. भाज्याची लेणी मात्र राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. उतरताना मांडीचे स्नायू सारखे शरीर रोखून धरत असतात, त्यामुळे ते नंतर फार दुखतात. "मशीनचे पायडल मारवत नाही," तो कण्हत म्हणाला. मग थोडा वेळ थांबून त्याने विचारले, "तो समोरचा विसापूर आहे ना, तिकडेही पायऱ्या आहेत का?"