बऱ्या दिवसांचीही नोंद ठेवा

मानसिक आजार असेल तर रोज काहीतरी लिहीत जा, असा सल्ला हल्ली सगळेच देतात. मीही लिहीत होते. पण माझ्या वहीत फक्त वाईट दिवस होते, आणि त्यामुळे बराच काळ माझ्या अर्ध्याच आजारावर उपचार झाले. त्या अनुभवातून जे कळलं ते इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून हा लेख.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही राहतो. नवरा आणि मी, दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत. डिसेंबर-जानेवारीत धुकं उतरलं की मला अंथरुणातून उठवत नसे. आंघोळ नको वाटे, फायलीतली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागे. अशा दिवसांत पानंच्या पानं भरत. ती वही घेऊन मी मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी नैराश्याचं निदान करून गोळ्या दिल्या. समोर आलेल्या पानांवरून दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतंच.

वहीत नव्हतं ते असं. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाचा सगळा भार मी अंगावर घ्यायची. रात्री दोन-तीनला आडवी व्हायची, पहाटे उठायची आणि तरी दिवसभर ताजीतवानी. शेजारच्या सरोजिनी नगरच्या बाजारातून पिशव्या भरभरून कपडे आणायची. निम्म्यांची घडीही मोडली जायची नाही. बोलायला लागले की समोरच्याला संधी मिळायची नाही. पाहुणे म्हणत, ‘‘काय उत्साह आहे हिला!’’ यात आजार आहे असं कुणाला वाटणार? पुढे गोळ्या चालू असताना हा उत्साह इतका चढला की झोप उडालीच. शेवटी सासूबाईंनीच नवऱ्याला बजावलं, ‘‘अरे, ही कित्येक रात्री नीट झोपलेली नाही. आजच्या आज डॉक्टरांकडे ने.’’ त्यांची ती साक्ष ऐकल्यावर निदान बदललं: बायपोलर, म्हणजे द्विध्रुवी विकार.

या आजाराचा माणूस बहुधा मन खचलं की दवाखान्यात जातो. सौम्य चढाचा, म्हणजे अशा जादा उत्साहाचा, काळ सुखाचा असतो, कामं झपाट्याने होतात. त्याची तक्रार कोण करणार? म्हणून अनेकांचं नेमकं निदान व्हायला वर्षं लागतात. मधल्या काळात नुसत्या नैराश्याच्या गोळ्या दिल्या गेल्या तर काहींचं मन उलट दिशेला उसळू शकतं. एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रुग्णांच्या चढ-उतारांचे वर्षानुवर्षांचे तक्ते मांडले होते, ते यासाठीच: एका भेटीत आजाराचा एकच तुकडा दिसतो; तक्त्यात त्याची चाल दिसते.

आता माझी नोंद रोज एका ओळीची असते. सकाळी उठल्यावर झोपेची वेळ आणि तास. रात्री मनाचा आकडा: शून्य म्हणजे नेहमीसारखं, उणे पाच म्हणजे पार खचलेलं, अधिक पाच म्हणजे आवरता न येणारं. मग गोळी घेतली की चुकली, मासिक पाळी, आणि वेगळं काही घडलं असेल तर ते दोन शब्दांत: उपवास, रात्रीचा प्रवास, भांडण, मोठी खरेदी. नैराश्य किंवा चिंता असलेल्यांनाही हाच साचा चालेल. चिंतेचे झटके येत असतील तर वेळ आणि त्याआधी काय चाललं होतं ते जोडा.

बायपोलरवर दिलं जाणारं लिथियम हे औषध घेणाऱ्यांनी ताप, जुलाब, खूप घाम आणि अंगदुखीसाठी घेतलेली गोळी हेही लिहावं. शरीरातलं पाणी कमी झालं किंवा काही वेदनाशामकं घेतली, तर रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकतं. दिल्लीच्या मे-जूनमध्ये ही नोंद फार कामाची. मात्र वही पाहून डोस स्वतः बदलायचा नाही. डॉक्टरांना फोन करायचा.

एक रकाना घरच्यांना द्या. चढ आपला आपल्याला दिसत नाही. माझ्या वहीत नवरा आठवड्यातून एकदा आपला आकडा लिहितो. आमचे आकडे फार लांब गेले तर भेटीची तारीख अलीकडे आणायची, हे बऱ्या काळातच ठरवून ठेवलं आहे.

मनातली भडास काढायची असेल तर वही वेगळी ठेवा. ती कुणाला दाखवायचं बंधन नाही. तेच तेच उगाळून जास्त त्रास होत असेल तर ती मिटून ठेवा, आकड्यांची ओळ तेवढी चालू राहू द्या. डॉक्टरांकडे जाताना एकच पान न्या: काय बदललं, कधीपासून, त्याने कुठलं काम अडलं, गोळ्यांचा काय त्रास होतो, आणि दोन प्रश्न. गर्दीच्या ओपीडीत एवढंच वाचलं जातं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. घरातल्या वहीची राखण मात्र आपल्यालाच करावी लागते. ऑफिसच्या खणात ती नको.

जीव नकोसा झाल्याचा विचार आला तर तो नुसता लिहून ठेवू नका. त्याच क्षणी घरच्या माणसाला सांगा, डॉक्टरांना गाठा किंवा 14416 या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आणि चोवीस तास आहे, मराठीतूनही बोलता येतं.

सुरुवात कधी करायची, असं मला विचारतात. मन ठिकाणावर असेल त्या दिवशी. तुमचं शून्य कसं असतं, किती तास झोप, किती बोलणं, किती खर्च, हे आधी कागदावर आलं, तरच पुढचा चढ किंवा उतार डॉक्टरांना मोजता येईल.