पिवळी गोळी कशाची? ओळखायला किती खर्च येतो

औषधांच्या डब्याच्या तळाशी एक सुटी पिवळी गोळी सापडते. ती फॉलिक ॲसिडची असेल, तर सिकलसेलच्या रुग्णाला सहसा रोज दिली जाणारी साधी गोळी. मेथोट्रेक्सेट असेल, तर संधिवाताच्या रुग्णाने आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर शरीरात रक्त तयार होणेच मंदावते. दोन्ही लहान, आणि अनेक कंपन्यांच्या दोन्ही पिवळ्याच. सिकलसेल गोंदिया जिल्ह्याला नवा नाही. त्यामुळे जिल्ह्यातल्या आमगावच्या घरात असा घोळ होणे अवघड नाही.

रंगावरून का ओळखू नये?
अमेरिकेत औषधाच्या बहुतेक गोळ्यांवर ओळखखूण छापणे बंधनकारक आहे. आपल्याकडे तसा नियम नाही. कितीतरी गोळ्या कोऱ्याच असतात. म्हणून गोळी ओळखणारी परदेशी ॲप इथे फसतात. आपल्याकडे गोळीची ओळख तिच्या पट्टीवर असते.

विचारायचे कुठे, लागते किती?
- पट्टीचा तुकडा असेल तर: खर्च शून्य. 1 ऑगस्ट 2023 पासून 300 नामांकित ब्रँडवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा आहे. मोबाइलने स्कॅन केला की औषधाचे मूळ नाव, बॅच आणि मुदत कळते.
- मेडिकलवाला: पट्टी, चिठ्ठी किंवा जुने बिल घेऊन जा. विचारायला पैसे पडत नाहीत. नुसती सुटी गोळी पाहून तो ‘बहुतेक अमुक’ म्हणाला, तर ते उत्तर धरू नका.
- ग्रामीण रुग्णालय, आमगाव: सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केस पेपर व तपासणी निःशुल्क आहे. गोळी आणि घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून न्या.
- पुडी देणारा डॉक्टर: गोळ्या त्यांच्याकडूनच आल्या असतील, तर नावे कागदावर लिहून मागा. तपासणीची फी पुन्हा लागेल का, ते आधीच विचारा.

कुठेच पत्ता लागला नाही, तर गोळी टाकून द्या. न कुटता चहाच्या चोथ्यात मिसळा, पिशवी बांधा आणि कचऱ्यात टाका. विहिरीत किंवा नाल्यात नको.

कोणी गिळली असेल तर?
ओळखण्यात वेळ घालवू नका. उलटी करवू नका, मिठाचे पाणी पाजू नका. गुंगी, झटके किंवा श्वासाचा त्रास असेल, तर लगेच 108 वर फोन करा. रुग्णवाहिका मोफत आहे. रुग्ण शुद्धीवर असला तरी दिल्लीच्या एम्समधील विषबाधा माहिती केंद्राला 1800 116 117 वर फोन करा; सेवा 24 तास आणि निःशुल्क आहे. उरलेली गोळी व रिकामी पट्टी रुग्णासोबत न्या. शाळेतून मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या किंवा गुलाबी गोळ्याही लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर घातक ठरतात.

पुढच्या वेळी
पट्टी कापून घेताना नाव आणि मुदत असलेला तुकडा मागा, तो शेवटी वापरा. बिल घ्या, बॅच नंबर त्यावर असतो. वेगवेगळ्या गोळ्या एका डबीत ओतू नका. नवी पट्टी घ्यायची वेळ आलीच, तर चिठ्ठी घेऊन जन औषधी केंद्रात विचारा. जेनेरिक औषध बहुधा बरेच स्वस्त पडते. अनोळखी गोळी ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून घेतली, तर वाचतात फार तर दोन-चार रुपये.