जुने म्हणजे अस्सल नव्हे : खिशातल्या घड्याळाचे परीक्षण

इतिहासाच्या विद्यार्थ्याला साधनांचे परीक्षण सुरुवातीलाच शिकवले जाते. हाती आलेला कागद खरोखर त्या काळचा व त्या माणसाचा आहे काय, हे पाहणे म्हणजे बहिरंग परीक्षण. आणि त्यात लिहिलेली गोष्ट कितपत विश्वसनीय आहे, हे पाहणे म्हणजे अंतरंग परीक्षण. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून अस्सल कागदाचे मोल मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. हीच कसोटी कागदाऐवजी वस्तूला लावली तर काय हाती येते, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा विचार आहे. वस्तू आहे खिशात ठेवायचे चेनचे घड्याळ.

नकली घड्याळे दोन प्रकारची असतात. एक, आज बनवून जुने म्हणून विकलेले. ते जाणकाराला चटकन ओळखू येते. दुसरा प्रकार अवघड आहे. अस्सल घड्याळ बाजारात होते त्याच काळी त्याची नक्कल करून विकलेले घड्याळ. ते खरोखरच शंभर वर्षांचे असते. झिजलेली डबी खरी, पिवळी पडलेली डायल खरी, गंजही खरा. म्हणून केवळ वयावरून निकाल देता येत नाही.

ही नक्कल नवी नाही. अठराव्या शतकात लंडनच्या घड्याळांना मोठा मान होता. तेव्हा युरोप खंडात बनलेल्या कित्येक घड्याळांवर ‘टार्ट्स, लंडन’ किंवा ‘विल्टर, लंडन’ अशी नावे कोरली गेली. नाव लंडनचे, पण आतली घडण तशी नव्हती. त्या काळच्या इंग्रजी घड्याळात बॅलन्स चक्रावरची नक्षीदार पट्टी एकाच बाजूला स्क्रूने बसवलेली असे. खंडातल्या कारागिराची पट्टी पुलासारखी दोन्ही बाजूंना टेकलेली असे. नाव बदलणे सोपे होते. हाताला लागलेली सवय बदलणे तितके सोपे नव्हते.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील वॉल्थॅम कंपनीने यंत्रावर घड्याळे बनवण्यास सुरुवात केली. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ती पाहून स्विस प्रतिनिधी चकित झाले. मग काही स्विस कारखान्यांनी वॉल्थॅमच्या धर्तीची घड्याळे काढली आणि ‘बार्टलेट’ यासारख्या प्रसिद्ध नावातील एखादे अक्षर बदलून ती विकली. घाईने वाचणाऱ्याला फरक कळू नये, हाच हेतू.

आपल्या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण रॉसकॉफचे आहे. जॉर्ज फ्रेडरिक रॉसकॉफ (१८१३–१८८९) या कारागिराने कामगाराला परवडेल असे घड्याळ १८६७ साली वीस फ्रँकला बाजारात आणले. त्याने भाग कमी केले. डायलच्या मध्यावर येणारे चक्र गाळून स्प्रिंगची डबी मोठी केली, आणि लिव्हरला मौल्यवान खड्यांऐवजी पोलादी पिना लावल्या. घड्याळ स्वस्त होते, पण त्यात लबाडी नव्हती. पुढे त्याचीच नक्कल झाली. स्वित्झर्लंडमध्ये १८८८ पर्यंत पेटंटचा कायदाच नव्हता, त्यामुळे नक्कल करणाऱ्यांचे फावले. मूळ नावात रोमन ‘एस’ हे अक्षर पहिल्या अवयवात एकदाच येते. कित्येक नकलांवर ते दोनदा कोरलेले दिसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. स्वस्त आणि नकली हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, ते बरोबर नाही. गांधीजींच्या कमरेला असणारे इंगरसोलचे घड्याळही स्वस्तच होते. ही कंपनी १८९६ पासून एका डॉलरला घड्याळ विकत होती आणि त्यावर आपलेच नाव घालत होती. नकली ते, जे स्वतःबद्दल खोटे सांगते.

हिंदुस्थानात रेल्वेमुळे घड्याळाला प्रतिष्ठा आली. १९०६ साली देशाची एक प्रमाणवेळ ठरली. गार्ड आणि स्टेशनमास्तर यांच्या खिशातले घड्याळ अचूकपणाची खूण झाले. वेस्ट एंडसारख्या कंपन्यांची स्विस घड्याळे मुंबईमार्गे गावोगाव पोचली. त्यांच्या मागोमाग डायलवर आगगाडीचे इंजिन छापलेली हलकी घड्याळेही आली. खोटे नाव व खोटा देश घालून माल विकण्याविरुद्ध १८८९ साली मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट झाला, यावरून असा माल किती येत असेल याची कल्पना येते.

आता प्रत्यक्ष कसोट्या. आमच्या घाटंजीच्या बाजारात एक वयस्क घडीसाज काका आहेत. सुटीत त्यांच्या टेबलाशी बसून मी या शिकले. त्यांचे पहिले वाक्य होते, “पोरी, डायलवर काय लिहिलं ते मंग पाहू. आधी झाकण उघड.”

पहिली कसोटी नावाची. डायल आणि डबी बदलता येतात, म्हणून मशीनवर कोरलेले नाव भिंगातून अक्षर अक्षर वाचावे. वॉल्थॅमसारख्या कंपनीच्या मशीनवरील क्रमांकावरून सालही कळते. मात्र क्रमांक मशीनवरचा घ्यावा, डबीवरचा नव्हे.

दुसरी कसोटी ज्वेलची. पंधरा किंवा एकवीस ज्वेल लिहिले असतील तर ते मोजावेत. नकलेत वरून दिसणाऱ्या बाजूला लाल खडे बसवलेले असतात आणि डायलखाली नुसती पितळेची भोके असतात.

तिसरी कसोटी बॅलन्स चक्राची. चांगल्या जुन्या घड्याळात चक्राची कड बाहेरून पितळेची व आतून पोलादाची असते आणि दोन ठिकाणी खरोखर कापलेली असते. उष्णतेने हेअरस्प्रिंग सैल पडते, तेव्हा ही कापलेली टोके आत वळून चाल सावरतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो. तेथे या रचनेचे महत्त्व सहज पटावे. नकलेत कड एकाच धातूची असते आणि कापल्याचा नुसता ओरखडा असतो.

चौथी कसोटी लिव्हरची. टोकाला खडे आहेत की पिना, हे पाहावे. पिना असणे हा दोष नाही. पिना असून ‘रेल्वे’ म्हणवणे हा दोष आहे.

या चारही कसोट्या मी आमच्या घरच्या घड्याळाला लावल्या. माझे आजोबा जिनिंगमध्ये कापूस तोलण्याच्या कामावर होते. हे घड्याळ त्यांचे. डायलवर इंजिनचे चित्र आणि ‘रेल्वे’ हा शब्द आहे. जुन्या वस्तू घेणाऱ्या एका गृहस्थाने ते रेल्वेचे अस्सल घड्याळ म्हणून चांगली किंमत सांगितली होती, आणि त्या पैशातून धाकट्या बहिणीची वसतिगृहाची फी भरण्याचे घरात ठरले होते. उघडल्यावर आत ज्वेल नव्हते, लिव्हरला पिना होत्या, आणि नावात ‘एस’ दोनदा होता.

मी हे वडिलांना सांगितले. ते शाळेत चौथीपर्यंत गेले. रॉसकॉफ कोण, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. पण नकली म्हणजे काय हे त्यांना माझ्याहून जास्त कळते. एका वर्षी कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटावर नामांकित वाणाचे नाव होते आणि आत बी भलतेच निघाले. तो हंगाम वाया गेला. ते म्हणाले, “पाकिटावर बोंडाचं चित्र होतंच ना. त्या मानसाले खरं सांगून दे. मंग घेईल तर घेईल.” त्या गृहस्थाने ते घेतले नाही. फी आम्ही दुसऱ्या मार्गाने, हप्त्याने भरली. घड्याळ घरीच आहे आणि चावी दिली की चालते.

ही नक्कलही इतिहासाचे एक साधनच आहे, असे मला वाटते. ती रेल्वेच्या अचूकपणाबद्दल काही सांगत नाही. पण कापूस तोलणाऱ्या माणसालाही खिशात रेल्वेची वेळ हवीशी वाटत होती आणि ती हौस ओळखून कोणीतरी दूर देशात चित्र छापत होते, एवढे ती निश्चित सांगते. खोटा कागदसुद्धा तो कोणी व कशासाठी केला, हे विचारले की बोलू लागतो.

आपल्या महाविद्यालयातील पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरी पेटीच्या तळाशी असे एखादे घड्याळ असेल. ते विकण्याआधी किंवा टाकून देण्याआधी जाणत्या घडीसाजाकडून उघडून घ्यावे. स्वतः चाकू लावून झाकण उचकटू नये. आतले नाव, क्रमांक आणि ज्वेलची संख्या वहीत टिपून ठेवावी, आणि ते कोणाचे होते, कोठून आले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्याखालीच लिहावे.