परिषदेसाठी शोधसारांश

आम्हा शिरगाव परिसरातील वैद्यांजवळ रुग्णपत्रकांची बाडे असतात. परिषदेस मात्र ‘उत्तम उपशय मिळाला’ एवढेच कळविले जाते. परीक्षक असा सारांश बाजूस ठेवतात, ते योग्यच होय. जवळच लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ‘योगमीमांसा’ सुरू केले व त्यात उड्डियान-नौलीतील दाबाची मोजमापे छापली. परंपरेस मोजमापाचे वावडे नाही.

सारांशास बहुधा अडीचशे शब्दांची मर्यादा असते. हेतू एका वाक्यात संपवावा, जागा निष्कर्षांस द्यावी. समजा, आमवाताचे ३० रुग्ण घेतले व ६ मध्येच सोडून गेले, तर दोन्ही आकडे लिहावेत. केवळ २४ वर टक्केवारी काढून गळती लपविणे ही फसवणूक होय. औषधाची मात्रा, अनुपान, कालावधी यांसह निर्माता व बॅच क्रमांक द्यावा. औषधविक्रेत्या बंधूंनी तो देयकावर न चुकता नोंदवावा.

नियोजित चिकित्साप्रयोगास पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच आचारसमितीची मान्यता व ‘सीटीआरआय’कडे नोंदणी हवी, १ एप्रिल २०१८ पासून तेथे मागाहून नोंदणी होत नाही. म्हणून जुनी पत्रके प्रयोग म्हणून न मांडता पूर्वनोंदींचा अभ्यास किंवा रुग्णवृत्तांत म्हणूनच पाठवावीत. रुग्णाची लेखी संमती घ्यावी, नाव-गाव गाळावे. लहान गावात नुसत्या व्यवसायावरूनही माणूस ओळखू येतो.