सतरा अल्बम आणि तळाचं भांडण

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. तो आणि त्याचा मामेभाऊ ‘आयर्न मेडन’ नावाच्या बँडच्या सतरा अल्बमची क्रमवारी लावत बसतात आणि दर सुट्टीत कडाकडा भांडतात. गेल्या दिवाळीत फराळ बाजूला राहिला आणि वही फाटली. मला तर सगळी गाणी सारखीच वाटतात. एवढं भांडण्यासारखं त्यात आहे तरी काय? (एक वाचक भगिनी, सांगली)

उत्तर : ‘सगळी सारखीच वाटतात’ हे तुमचं वाक्य त्या दोघांना झोंबेल, पण ते अगदीच बिनबुडाचं नाही. पूर्व लंडनमधल्या स्टीव्ह हॅरिसने 1975 साली हा बँड उभा केला. बास गिटार वाजवणारा हा माणूस आजही बँडचा कर्ता पुरुष आहे आणि बहुतेक गाण्यांवर त्याची छाप आहे. ती घोड्याच्या टापांसारखी लय, दोन गिटारांनी जोडीने म्हटलेली सुरावट, इतिहासातल्या लढायांवरची गाणी हा मालमसाला 1980च्या पहिल्या अल्बमपासून 2021च्या ‘सेनजुत्सु’पर्यंत फारसा बदललेला नाही. म्हणून तर क्रमवारी लावता येते. श्रीखंड आणि थालीपीठ यांत पहिला नंबर कोणाचा, यावर कोणी वही फाडत नाही. दोन घरच्या पुरणपोळ्यांवरून मात्र भावकी तुटते.

भांडणाची पहिली ठिणगी गायकावरून पडते. पहिले दोन अल्बम पॉल डिआनोचे, खरखरीत आणि रस्त्यावरच्या आवाजाचे. 1981मध्ये ब्रूस डिकिन्सन आला आणि आवाज एकदम वरच्या पट्टीत गेला. 1993मध्ये तो बाहेर पडला, मग ब्लेझ बेलीने दोन अल्बम गायले आणि 1999मध्ये डिकिन्सन परतला. बालगंधर्व की केशवराव भोसले, यावर ज्या घराण्यांत रात्री जागल्या, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

तरीही वरच्या जागांवर भांडण फार टिकत नाही. 1982 ते 1988 या काळात ओळीने आलेले पाच अल्बम बहुतेकांच्या यादीत वरच असतात, मागेपुढे काय ते पाचांतच. त्यातला ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ हा ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला त्यांचा पहिला अल्बम. पण कसलेले चाहते त्याला क्वचितच पहिला नंबर देतात आणि त्याचं कारण एकच गाणं : ‘गँगलँड’. अल्बमच्या आधी एक सिंगल (सुट्या गाण्याची छोटी तबकडी) बाजारात आणायचं होतं, त्याच्या पाठीमागच्या बाजूला एक गाणं हवं होतं. ‘गँगलँड’ आणि ‘टोटल इक्लिप्स’ यांतलं दुसरं तिकडे गेलं आणि पहिलं अल्बममध्ये राहिलं. निवड चुकली, हे हॅरिसने पुढे स्वतःच कबूल केलं. 1998च्या आवृत्तीत ‘टोटल इक्लिप्स’ अल्बममध्ये आलं. 2022 साली चाळिशीनिमित्त काढलेल्या तबकड्यांवर तर ‘गँगलँड’ला थेट घरी पाठवून त्याची जागा ‘टोटल इक्लिप्स’ला दिली. बँडलाच आपली क्रमवारी बदलायला चाळीस वर्षं लागली, तर तुमच्या मुलांना दोन-चार दिवाळ्या लागणारच.

खरी चकमक तळाला असते. वही फाटली ती बाराव्या क्रमांकाच्या खालीच कुठेतरी, असा माझा अंदाज आहे. तिथे ‘नो प्रेयर फॉर द डाइंग’ (1990) हमखास सापडतो. झगमगीत ध्वनिमुद्रणाचा कंटाळा आल्याने हॅरिसच्या एसेक्समधल्या घराच्या आवारातल्या कोठारात, दारात फिरता स्टुडिओ उभा करून तो मुद्रित केला. गिटारवादक एड्रियन स्मिथ त्याच वेळी सोडून गेला. आवाज खडबडीत आहे, गाणी घाईची वाटतात. पण गंमत अशी, की ब्रिटनच्या सिंगल यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेलं बँडचं एकमेव गाणं याच अल्बममधलं आहे. खप आणि चाहत्यांचं प्रेम यांचा किती कमी संबंध असतो, हे यावरून दिसतं.

त्याच्या शेजारी बेलीचे दोन अल्बम. ‘द एक्स फॅक्टर’ (1995) कित्येक वर्षं चेष्टेचा विषय होता. बेलीचा आवाज डिकिन्सनपेक्षा खालचा. मंचावर जुनी गाणी त्याला पेलत नसत. हॅरिसचं लग्न त्या सुमाराला मोडलं होतं आणि तो काळोख गाण्यांतही उतरला आहे. आज तरुण श्रोते नेमक्या त्याच काळोखासाठी हा अल्बम वर चढवतात. ते मला पटतं. ‘व्हर्च्युअल इलेव्हन’ (1998) मात्र माझ्या यादीत सतरावाच राहणार. त्यातलं ‘द एंजल अँड द गॅम्बलर’ जवळजवळ दहा मिनिटं चालतं आणि एकच ओळ इतकी घोळवतं, की हरिपाठालाही इतक्या आवर्तनांची गरज पडत नाही.

मीही सोवळा नाही. मी हा बँड कॅसेटवर ऐकू लागलो तो ‘फिअर ऑफ द डार्क’पासून (1992). त्यात बारा गाणी आहेत आणि निम्मी भरतीची, हे मला कळतं. तरी माझ्या यादीत तो पहिल्या पाचांत येतो. आधी कोणता ऐकला, यावर अर्धी क्रमवारी ठरते. तुमच्या घरातही दोघांपैकी एकाने जुने अल्बम आधी ऐकले असतील आणि दुसऱ्याने 2000नंतरचे, लांबलचक, तीन गिटारांचे.

या दोन गटांना बँडनेच खतपाणी घातलं आहे. 2006च्या दौऱ्यात त्यांनी ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ हा नवाकोरा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला; जुनी गाणी ऐकायला आलेले काही जण चरफडत घरी गेले. पुढच्या दौऱ्यात त्यांनी उलटी खेळी केली आणि ऐंशीच्या दशकातली गाणी पुढे ठेवली. त्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम कुठे झाला असेल? मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात, 1 फेब्रुवारी 2008 रोजी. बँड, माणसं आणि सामान एकाच बोइंग 757मधून आलं आणि विमान चालवणाऱ्यांत खुद्द गायक डिकिन्सन होता. आपल्याकडच्या अनेक चाहत्यांची जुन्या अल्बमवरची निष्ठा त्या रात्रीनंतर जी पक्की झाली, ती आजवर हललेली नाही.

आता तुम्ही एक करा. ‘साइन ऑफ द क्रॉस’ हे अकरा मिनिटांचं गाणं मुलाला दोनदा लावायला सांगा : एकदा ‘द एक्स फॅक्टर’मधलं, बेलीच्या आवाजातलं आणि एकदा 2001च्या जानेवारीत रिओ दि जानेरोच्या अफाट गर्दीपुढे डिकिन्सनने गायलेलं. कोणतं तुम्हाला भावलं ते त्या दोघांना सांगू नका, नाहीतर तिसरी यादी तुमच्याकडून मागतील.