गोराई ते दुबई : विमानाचे अंतर आणि वेळेचा हिशेब

दुबईला विमान पावणेदोन तासांत जाते, असे आपले कित्येक कारागीर बांधव सांगतात. तिकिटावर सकाळी 10 ला सुटून 11-45 ला पोहोचण्याची वेळ छापलेली असली की असा समज होतो. परंतु तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या शहराच्या घड्याळाची असते. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. तेथे 11-45 होतात तेव्हा गोराईत दुपारचा सव्वा वाजलेला असतो. म्हणजे प्रवास सव्वातीन तासांचा झाला.

परतीला उलट घडते. रात्री 10 ला दुबईहून सुटलेले विमान पहाटे अडीचला मुंबईत उतरले, तर साडेचार तास गेले असे वाटते. प्रत्यक्षात तीनच गेले. मात्र तारीख बदललेली असते. गिऱ्हाइकाला अमुक तारखेचा शब्द देणाऱ्याने हे आधी पाहावे.

आता अंतर पाहू. मुंबई व दुबई विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे 1,925 किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले हे सर्वांत जवळचे अंतर. वैमानिक ते सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल 1.852 किलोमीटरचा, म्हणून त्यांच्या हिशेबात ते 1,040 च्या आसपास येते. ताशी 850 किलोमीटरने भागले तर सव्वादोन तास निघतात. मग वरचा तास कशात जातो? विमान धावपट्टीपर्यंत सरकत जाते, रांगेत थांबते, चढताना व उतरताना वेग कमी असतो, आणि हवाई मार्गही अगदी सरळ नसतो. आपल्या मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी काम चालवता येत नाही. थंडीत वरच्या हवेतले वारे पश्चिमेकडून येतात. जाताना ते समोरून लागतात, येताना पाठीशी असतात.

खरा वेळ मात्र जमिनीवरच जातो. गोराई गावातल्या माणसाला खाडी ओलांडून बोरिवलीच्या बाजूला यावे लागते, नाहीतर उत्तन-भाईंदरचा वळसा. पुढे सहारपर्यंत दोन तास धरा. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोहोचावे. म्हणजे 10 च्या विमानाला पहाटे 5 ला घर सोडावे लागेल; होडीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवावी. दुबईला उतरल्यावर शिक्के, सामान, टॅक्सी यांत दीड तास जातो. देऱ्याच्या बाजारात पाय ठेवाल तेव्हा तिथले सव्वा वाजलेले असतील, म्हणून त्या सकाळचा सौदा ठरवू नये. नवी मुंबईच्या विमानतळाचे ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झाले आहे. तेव्हा तिकिटावर कोणता विमानतळ लिहिला आहे तेही वाचावे. गोराईहून ते दुसरेच टोक.

माल विमानाने पाठवायचा असेल तर वजनाबरोबर आकारही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून 6,000 ने भागतात. 60 बाय 50 बाय 40 चे खोके 20 किलोचे धरले जाते, आत माल 12 किलोचा असला तरी. हलक्या, फुगीर मालाला खोके घट्ट बांधलेले बरे.

आणखी एक. दुबईच्या सरकारी कचेऱ्या जानेवारी 2022 पासून शुक्रवारी अर्धा दिवस चालतात, शनिवार-रविवार बंद असतात. कागदपत्रांचे काम असेल तर गुरुवारी रात्रीचे तिकीट काढू नये.