१२ हजारांचा रेझर दुकानात ठेवावा का? स्टील सेफ्टी रेझरची तुलना, दुकानदाराच्या नजरेने

मागच्या व्हिडिओत काउंटरवर तीन सेफ्टी रेझर मांडून दाखवले होते. त्यावर खूप जणांनी विचारलं, "सर, यातला विकायला ठेवायचा कुठला?" आज त्याचं सविस्तर उत्तर. रेझर हे फक्त उदाहरण आहे. घड्याळ असो, पेन असो, मिक्सर असो, महागडा माल भरण्याआधी हाच अभ्यास करायचा.

आधी माझी चूक सांगतो. २०२२ च्या दिवाळीच्या तोंडावर मी येडगावच्या दुकानात १२,००० रुपये खरेदीचे तीन स्टील रेझर भरले. म्हणजे ३६,००० रुपये अडकले. विक्रीची किंमत १५,०००. दिवाळी गेली, लगीनसराई गेली, लोक हातात घेऊन वजन बघायचे आणि पाच रुपयांचं ब्लेड घेऊन जायचे. पहिला पीस विकायला नऊ महिने लागले.

पायरी १ : किंमत कशाची आहे ते ओळखा

सेफ्टी रेझरचं ब्लेड सगळ्यांना तेच लागतं. दोन्ही बाजूंनी धार असलेलं, जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचं. मग फरक कुठे?

• झमॅक : जस्ताचा मिश्रधातू, साच्यात ओतलेला, वरून क्रोमचा मुलामा. जर्मनीचा मर्कूर ३४सी, इंग्लंडच्या एडविन जॅगरचा डीई८९ हे यातले नावाजलेले. दाढी उत्तम होते. पण मुलाम्याला तडा गेला की आतलं जस्त खराब व्हायला लागतं. पडला तर आटे तुटू शकतात.
• स्टेनलेस स्टील : इथे मुलाम्यावर भिस्त नाही, आतून-बाहेरून एकच धातू. जपानचा फेदर एएस-डी२, कॅनडाचा रॉकवेल ६एस, जर्मनीचा म्यूले रोक्का हे या वर्गातले.

स्टीलमध्येही ग्रेड असतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ एल मध्ये त्यावर दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम, म्हणून खाऱ्या पाण्यात ते जास्त टिकतं. ३०३ मशीनवर कापायला सोपं, पण गंजाला थोडं कमी दाद देणारं. घरच्या बाथरूममध्ये रेझर धुऊन कोरडा ठेवला, तर ३०४ आणि ३१६ एल यांतला फरक गिऱ्हाइकाला सहसा जाणवणार नाही. जास्तीचा पैसा मुख्यतः मशीनकाम, पॉलिश आणि अचूक मापाचा असतो.

एक गंमत सांगतो. खरेदीच्या वेळी मी डीलरसमोर चुंबक लावून बघितलं. चिकटलं नाही, म्हणजे अस्सल स्टेनलेस, असं समजून खूश झालो. पण चुंबक झमॅकलाही चिकटत नाही! म्हणून ग्रेड बिलावर लिहून घ्या. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी आहे ना, तेही बघा.

पायरी २ : हातात घेऊन तपासा

ब्लेड काळजीपूर्वक बसवा आणि वरून बघा. दोन्ही बाजूंना ब्लेड सारखंच बाहेर दिसलं पाहिजे. एकीकडे जास्त, एकीकडे कमी दिसलं तर पीस परत. आटे अडखळता कामा नयेत.

मग "सौम्य की आक्रमक" बघा. ब्लेड किती बाहेर येतं आणि खालच्या पट्टीपासून किती अंतरावर राहतं, यावर ते ठरतं. फेदर एएस-डी२ सौम्य, नवशिक्याला बरा. रॉकवेल ६एसमध्ये उलटसुलट बसणाऱ्या तीन पट्ट्या येतात, म्हणजे सहा प्रकारची सेटिंग. दुकानदारासाठी याचा अर्थ काय? एकाच पीसमध्ये मऊ दाढीवालाही बसतो आणि राठ दाढीवालाही. स्टॉक कमी लागतो.

पायरी ३ : "पैसे वाचतील" म्हणण्याआधी गणित करा

समजा १५० रुपयांचं कार्ट्रिज दहा दाढ्या चालतं, म्हणजे दाढीला १५ रुपये. चार रुपयांचं ब्लेड चार दाढ्या चालतं, म्हणजे दाढीला १ रुपया. बचत १४ रुपये. वर्षाला १५० दाढ्या धरल्या तर २,१०० रुपये.

२,५०० चा झमॅक रेझर साधारण १४ महिन्यांत वसूल. १५,००० चा स्टील रेझर वसूल व्हायला सात वर्षं! आणि जो स्वस्तातला रेझर वापरतो किंवा सलूनमध्ये जातो, त्याला हे गणित लागूच होत नाही. आमच्याकडे बहुतेक गिऱ्हाईक तेच. मी नऊ महिने चुकीचं वाक्य बोलत होतो.

पायरी ४ : घेणारा कोण, ते शोधा

२०२३ च्या अधिक श्रावणात एक काका आले. जावई पुण्यात नोकरीला, त्याला काय द्यावं सुचत नव्हतं. रेझर आवडला, पण काकू म्हणाल्या, "जावयाला धारदार वस्तू देतात का कुठं?" मी ब्लेड बाजूला काढले आणि रेझर, ब्रश, दाढीचा साबण आणि तुरटीची वडी असा संच बांधून दिला. पाचशेची वेगळी विक्रीही झाली. ब्लेड जावयाने नंतर स्वतः नेले!

काकांनी ग्रेड विचारला नाही, बचत विचारली नाही. विचारलं एकच, "वीस वर्षं टिकेल ना?" तेव्हा कळलं, हा माल भेटवस्तूचा आहे.

पायरी ५ : पैसा किती वेळा फिरतो?

तिन्ही रेझर वर्षात विकले असते तरी नफा ९,०००. तेच ३६,००० ब्लेड, साबण, ब्रशमध्ये घालून वर्षात सहा वेळा फिरवले आणि दर फेरीला १० टक्के सुटले, तर २१,६०० रुपये. आता मी स्टीलचा एकच नमुना पीस ठेवतो, ब्लेडशिवाय. बाकी अर्धी आगाऊ रक्कम घेऊन ऑर्डरवर मागवतो. वापरलेला रेझर परत घेता येत नाही, हेही आधीच सांगतो.

त्या तीनपैकी दुसरा पुढच्या दिवाळीत गेला. तिसऱ्याने मी रोज दाढी करतो. दाढी झकास होते, पण वहीत तो अजून तोट्यातच लिहिलेला आहे.

गृहपाठ : तुमच्या दुकानातली सगळ्यात महागडी वस्तू निवडा. ती किती दिवस पडून आहे, तेवढ्या पैशात दुसरा माल किती वेळा फिरला असता आणि ती नक्की कोण, कोणासाठी घेतो, हे तीन आकडे-उत्तरं वहीत लिहा. अधिक महिना २०२६ मध्ये ज्येष्ठात आहे. त्या हंगामाची ऑर्डर देण्याआधी ही वही उघडा. भेटूया पुढच्या धड्यात!